मनाची तालीम

लखनौला बदली होऊन आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका पाटीने आम्हांला फसविले. चौकाकडे जाणाऱ्या एका गल्लीत, जुन्या वाड्याच्या दारावर, 'तालीम' ह्या शब्दाने सुरू होणारी पाटी दिसली आणि परमुलखात घरचे माणूस भेटावे अशा आनंदाने आम्ही आत डोकावलो. आत हौदा नव्हता, लाल माती नव्हती, मारुतीची तसबीर तर नव्हतीच. दहाबारा मुले चटईवर बसून पाढे म्हणत होती. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शिक्षण. उत्तरेकडे तो शाळेतच राहिला. आमच्याकडे येऊन त्याने लंगोट कसला आणि तो मातीत उतरला. पुढे नाटकवाल्यांनीही तो उचलला आणि प्रयोगापूर्वीच्या घोकणीला 'तालीम' म्हणू लागले. एकाच शब्दाच्या पोटात शाळा, आखाडा आणि रंगीत तालीम अशी तिन्ही मावलेली पाहून त्या दिवशी आम्हांला केवळ मौज वाटली होती. तिच्यामागे काही विचार असेल असे मनातही आले नाही. तो विचार यावयास आमच्या घरातील एक लहानसा पराभव कारण झाला.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कन्येने, वय वर्षे बारा, आंतरशालेय बॅडमिंटन स्पर्धेत हातात आलेला सामना घालविला. शेवटच्या डावात एकोणीस-तेरा अशी ती पुढे होती. एक सर्व्हिस जाळीत गेली. त्यानंतर तिचा हात जणू तिचा राहिलाच नाही. एकवीस-एकोणीस असा डाव समोरच्या मुलीने घेतला. ही कोर्टाच्या कडेला उभी राहून रडू लागली आणि आम्ही, चार लोक पाहताहेत ह्या लाजेने, तिला खेचूनच बाहेर आणले. स्कूटरवर घरापर्यंत कणखरपणावर आमचे व्याख्यान चालू होते. ज्या गृहस्थाच्या पोटात विभागीय परीक्षेच्या सकाळी अद्यापि गोळा उठतो, त्याने ते द्यावे ही त्यातली विसंगती तेव्हा आमच्या ध्यानी आली नाही. रात्री जेवताना ती एवढेच म्हणाली, "बाबा, मी घाबरलेय हे मला कळत होतं. पण घाबरल्यावर काय करायचं ते कुणी शिकवलंच नाही."

आम्ही निरुत्तर झालो. पदवीला इतिहास घेतला होता. त्यामुळे उत्तर सापडेनासे झाले की मागे वळून पाहावयाची खोड आहे. पूर्वी ही गोष्ट कोणी शिकवीत असत काय, आणि शिकवीत तर कशी?

शोध सुरू झाला तो लखनौहून पंचवीसेक किलोमीटरवर असलेल्या मलिहाबादपासून. मलिहाबाद म्हटले की आंबा, दशहरी आंबा, ह्यापलीकडे आम्हां दक्षिणी मंडळींची मजल जात नाही. फार तर शायर जोश मलिहाबादी ह्यांचे नाव कोणी घेईल. परंतु ह्या गावाने आणखी एक असामी दिली आणि तिचे नाव आज त्या गावाबाहेर क्वचितच निघते. गौस महंमद खान ह्यांचा जन्म १९१५ साली येथलाच. पठाणांच्या ह्या वस्तीतला तरुण टेनिस खेळू लागला आणि १९३९ साली विंबल्डनच्या पुरुष एकेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. त्यापूर्वी कोणाही भारतीयास तेथवर जाता आले नव्हते. तेथे त्याची गाठ अमेरिकेच्या बॉबी रिग्जशी पडली. रिग्जने त्याला सरळ डावांत हरविले आणि पुढे त्या वर्षी एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशी तिन्ही विजेतेपदे पटकावली.

हा सामना आजच्या टेनिससारखा नव्हे. त्या काळी सामन्यात दोन बाजू बदलताना बसावयास खुर्चीसुद्धा नसे; विंबल्डनवर ती १९७५ साली आली. शिक्षकाने बाहेरून खुणावण्याची मुभा नाही, टायब्रेकर नाही. परक्या देशात, परक्या गवतावर, परक्या प्रेक्षकांपुढे एकट्याने उभे राहावयाचे आणि जे काही चुकेल ते स्वतःच स्वतःस समजावीत खेळावयाचे. वय तेविशीचे. आणि खरी कसोटी तर त्यानंतर लागली. दोनच महिन्यांत महायुद्ध पेटले. १९४० ते १९४५ ही सहा वर्षे विंबल्डन भरलेच नाही. टेनिसपटूच्या आयुष्यात चोविसावे ते तिसावे वर्ष म्हणजे शेतकऱ्याचे मृगापासून हस्तापर्यंतचे दिवस. ते सगळे कोरडे गेले. रिग्जशी झालेल्या पराभवाची परतफेड करण्याची संधी ज्याच्या हातून गेली ती त्याच्या चुकीने नव्हे, चुकला असेल तर काळ. सरकारने १९७१ साली त्यांना पद्मश्री दिली; १९८२ साली ते वारले. प्रत्येक खेळाडूच्या मनाला हरण्यासाठी तयार करतात, पण खेळावयासच न मिळण्यासाठी कोणी तयार करीत नाही, हे गौस महंमदांच्या चरित्राने आम्हांला प्रथम सुचविले.

ह्या बाबतीत आमच्या मुलखाची साक्ष काढावयाची तर ती खाशाबा जाधवांची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण, बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी ह्यांच्या हाताखाली कुस्ती, पुढे कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय. १९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्याने ते लंडनच्या ऑलिम्पिकला गेले आणि माशीवजन गटात सहावे आले.

सहावा क्रमांक हे वाचताना आपण पुढे सरकतो. पण त्या सहाव्या क्रमांकात काय दडले आहे ते पाहण्याजोगे आहे. मातीतल्या कुस्तीत न्याय सरळ असतो. पाठ टेकली की कुस्ती संपली. ती पाच पळांत टेको की तासाने टेको. पंचाने काय पाहिले, कागदावर काय लिहिले, ह्याला तेथे फारशी किंमत नाही. चितपट ही गोष्ट हजार लोकांना एकदम दिसते. मॅटवर तसे नाही. तेथे घड्याळ आहे, गुण आहेत, तीन परक्या माणसांचे मत आहे. आपण प्रतिस्पर्ध्याला वर उचलले तरी गुण कोणाला हे दुसराच कोणी ठरविणार. मातीत वाढलेल्या पोराला पायाखालची गादी जितकी परकी, तितकाच हा न्यायही परका. लंडनला जाण्यापूर्वी मॅटवरची कुस्ती त्यांना जवळजवळ नवीनच होती. तेथे रीस गार्डनर ह्या अमेरिकन शिक्षकाने त्यांना थोडेबहुत तयार केले. म्हणजे सहाव्या क्रमांकाच्या त्या मुलाने नुसते पेच नव्हे, तर आपल्या हाती नसलेला निकाल सोसणे, ही एक नवीच विद्या तेथे पाहिली.

ती विद्या त्यांना चार वर्षांनी उपयोगी पडली, आणि तीही तीन वेळा. मद्रासला झालेल्या निवड-कुस्त्यांत निरंजन दास ह्या मल्लाकडून एका गुणाने हार असा निकाल लागला असे सांगतात. खाशाबांनी त्राग्याने बॅग भरली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती मिळविली आणि ती जिंकली. मग पैशाचा प्रश्न आला. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, गावाने वर्गणी केली. आणि शेवटी हेलसिंकी. बँटमवजन गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवून ते पुढे आले. जपानच्या शोहाची इशीकडून प्रदीर्घ कुस्तीत हरले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावयास हवी होती. ती न देता त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोवसमोर उभे केले, आणि बाजू मांडावयास एकही भारतीय अधिकारी तेथे नव्हता, असे आजवर सांगत आले आहेत. तो दिवस २३ जुलै १९५२. कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे वैयक्तिक खेळातले ते पहिले ऑलिम्पिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडले.

सरकारी नोकरीतल्या वाचकांना त्या 'अधिकारी तेथे नव्हता' ह्या तीन शब्दांपाशी थोडे थांबावेसे वाटेल. आम्हांला तरी वाटले.

परत आल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी की, ह्या मल्लाने मग कुस्त्यांचे फड लावले, त्यांत स्वतः लढला आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडविले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खाशाबांना हे मन कोठे मिळाले? जन्मजात होते असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि आमच्या वडिलांची पिढी तसेच म्हणत असे: अमक्याचे काळीज वाघाचे, तमक्याचे सशाचे. परंतु सातारा-कोल्हापूरकडची यात्रा ज्याने लहानपणी पाहिली आहे त्याला ही वाटणी पटावयाची नाही. यात्रेतल्या कुस्त्यांचा क्रम आठवून पाहावा. दुपारी उन्हे कलली की हलगी घुमू लागते आणि फडात प्रथम उतरतात ती सात-आठ वर्षांची पोरे. त्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर, खोबऱ्याच्या वाटीवर, नारळावर. लोक हसतात, ओरडतात. पोरगे भेदरते, पडते, माती झटकून उठते आणि हरले तरी मूठभर रेवड्या घेऊन आईकडे जाते. पुढल्या वर्षी तेच पोरगे थोड्या मोठ्या जोडीत उतरते. अशा रीतीने नारळापासून चांदीच्या कड्यापर्यंत चढत जाताना त्याने पंधरा-वीस वेळा भरल्या माणसांत पाठ टेकलेली असते. निकाली कुस्तीला जेव्हा तो उभा राहतो तेव्हा गर्दीचा आवाज त्याला नवा नसतो, आणि हार तर नाहीच नाही. भीती नाहीशी झालेली नसते. तिची ओळख झालेली असते.

शिवाय जोड लावण्याची कला. दोन पोरांचे वजन, वय, तयारी नजरेने तोलून, हातात हात देऊन, जोड ठरविणारी म्हातारी माणसे फडात असतात. अगदीच विजोड कुस्ती लावली तर गाव त्यांनाच नावे ठेवते. तालमीतही वस्ताद लहान पोराशी खेळताना त्याला अंग देतो, म्हणजे आपली ताकद त्याच्या आवाक्याइतकीच वापरतो. कधी दाबतो, कधी मुद्दाम निसटू देतो. पोराला वाटते आपणच निसटलो. हे वाटणे म्हणजेच शिक्षण. पाटीवरची तालीम आणि हौद्यातली तालीम येथे एक होतात. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, पंजाबातून नामांकित मल्ल आणविले आणि १९१२ साली खासबागेचे मैदान पुरे केले, ते नुसत्या शौकापोटी नव्हे. त्या मैदानाची बैठक अशी उतरती आहे की हजारो माणसांना हौदा दिसतो. आणि हौद्यातल्या मल्लाला ती हजारो माणसे दिसतात, हेही तितकेच खरे.

अर्थात सगळ्याच तालमींत असे शहाणपण नांदत होते असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पोराला चारचौघांत लाज आणणे म्हणजे त्याला घडविणे असे मानणारे वस्तादही पुष्कळ होते. त्यांच्या हातून सुटलेल्या मुलांची नावे कोणत्याही फडाच्या इतिहासात येत नाहीत. त्या वस्तादांची एक शाखा स्कूटरवरून लखनौपर्यंत आली, हे येथे कबूल केलेले बरे.

पाश्चात्त्यांनी ह्या विषयाचे शास्त्र केले ते अलीकडे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कोलमन ग्रिफिथ ह्या मानसशास्त्रज्ञाने खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळा उघडली ती १९२५ साली. मलिहाबादच्या अलीकडचे स्टेशन काकोरी. तेथे क्रांतिकारकांनी गाडी अडवून खजिना लुटला तेही ह्याच साली. (दोहोंचा संबंध काही नाही; पण त्या मार्गाने जाताना आम्हांला सन जुळल्याचे हटकून आठवते.) ग्रिफिथची प्रयोगशाळा काही वर्षांतच पैशाअभावी बंद पडली. 'मानसिक कणखरपणा' ह्या शब्दाला नेमका अर्थ देण्याचा ठळक प्रयत्न इंग्लंड-वेल्सकडील जोन्स, हँटन आणि कॉनॉटन ह्यांनी केला तो २००२ साली, प्रत्यक्ष खेळाडूंनाच विचारून. त्यांना जे आढळले त्यात निर्भयतेपेक्षा स्वतःवरील विश्वास, अपयशानंतर पुन्हा उभे राहणे, खेळात चिंता येणारच हे गृहीत धरून तिला पेलणे, अशाच गोष्टी अधिक होत्या. आज शिक्षक मुलांना सर्व्हिसपूर्वी एकच ठराविक क्रम पाळावयास सांगतात: चेंडू अमुक वेळा टेकवा, एक लांब श्वास सोडा, मग मारा. सरावातच मुद्दाम एकोणीस-एकोणीस असा गुण धरून खेळवितात. हौद्यात उतरताना मातीला हात लावून कपाळाला लावणारा, अंगावर माती घेणारा, शड्डू ठोकणारा मल्ल ह्याहून निराळे काय करीत होता? मनाला दर वेळी त्याच एका दारातून आत न्यावयाचे, म्हणजे बाहेर काय गोंधळ चालला आहे ते त्याला दिसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, मध्य रेल्वेचा कर्मचारी, म्हणजे एका अर्थी आपल्याच बिरादरीतला. त्याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पन्नास मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळविले. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक पदक मिळावयास बहात्तर वर्षे लागली. त्या सकाळी पोटात कालवत होते, काही खाल्ले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता, असे त्याने नंतर सांगितले. हे वाचून आम्ही कन्येला हाक मारली आणि ते वाक्य तिला दाखविले. तिने ते दोनदा वाचले.

कणखरपणा म्हणजे काहीही झाले तरी मैदान न सोडणे, असाही एक समज आहे. टोकियोच्या स्पर्धेत २०२१ साली अमेरिकेची सिमोन बाइल्स मन ठिकाणावर नाही म्हणून मध्येच बाजूस झाली तेव्हा तिच्यावर टीकेची झोड उठली. हवेत फिरताना आपण कोठे आहोत हेच उमगेनासे झाले होते, आणि त्या स्थितीत उडी मारणे म्हणजे मान मोडून घेणे. ती थांबली. पुढे पॅरिसला येऊन तिने तीन सुवर्णपदके घेतली. आमच्या लखनौतील मोठ्या क्रीडांगणाला ज्यांचे नाव आहे ते के. डी. सिंग 'बाबू' हेलसिंकीत हॉकी संघाचे कर्णधार होते. खाशाबांच्या पदकाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांच्या संघाने हॉलंडला सहा-एक असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या क्रीडांगणावरून रोज कचेरीत जाताना आम्हांला आता वाटते की संघातल्या खेळाडूला निदान पाठीला पाठ असते. हात आखडला तर चेंडू दुसऱ्याकडे देता येतो. बारा वर्षांची एकटी मुलगी एकोणीस-तेरावर तो कोणाकडे देणार?

फाल्गुनात एका रविवारी तिला घेऊन आम्ही पॅसेंजर गाडीने मलिहाबादला गेलो. गौस महंमदांचे गाव दाखवावे हा हेतू. तिचा हेतू आंब्याच्या बागा. बागा मोहोराने पिवळ्या पडल्या होत्या आणि हवेत तो जड, गोडसर वास भरला होता. एका नव्या लावणीत एक वृद्ध माळी कमरेएवढ्या कलमांचा मोहोर हाताने खुडून टाकीत होते. तिला ते पाहवेना. एवढा छान मोहोर का तोडता, असे तिने विचारले. ते हसले आणि म्हणाले, बेटी, कलम लहान आहे, त्याला फळाची घाई असते. पहिली दोन-तीन वर्षे मोहोर ठेवला तर झाड फळातच खर्ची पडते, मूळ धरीत नाही, फांदी वजनाने मोडते. मग दाखविण्यासाठी त्यांनी तिच्या हाती एक कलम दिले. तिने बिचकत बिचकत एक तुरा खुडला, मग दुसरा. आमच्या कोकणातही हेच करतात हे आम्हांला आठवले, आणि स्पर्धांची ती यादीही आठवली जी आम्ही गेल्या वर्षी तिच्या टेबलावर चिकटविली होती: एका वर्षात चौदा.

परतताना गाडीत तिने गौस महंमदांबद्दल बरेच विचारले. रिग्जने हरविल्यावर ते रडले असतील का, हेही. आम्ही म्हटले, तेव्हा बसावयास खुर्चीसुद्धा नव्हती. रडले असतील तर उभ्यानेच.

ती यादी आम्ही काढून टाकली आहे. चार स्पर्धा ठेवल्या, त्याही तिनेच निवडल्या. एक गेल्याच आठवड्यात झाली. आम्ही बाहेर टपरीवर चहा घेत बसलो होतो. आत टाळ्या वाजल्या की कप खाली ठेवावा असे वाटे, पण उठलो नाही. ती आली तेव्हा हरली होती, बावीस-वीसने. डोळे कोरडे नव्हते. बाकावर बसून तिने बुटाची नाडी सोडली आणि म्हणाली, "अठरावर हात आखडला. मग श्वास सोडला आणि दोन गुण घेतले. मग परत आखडला." आम्ही तिच्यासाठी एक चहा सांगितला.